प्रस्तावना नसलेली प्रत

दि. ९ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार. शाळेत शिकवलेला पत्राचा मायना आधी लिहिला आणि मग खोडला. तू म्हणाला असतास, "काय गं, पत्र आहे की कोर्टाची नोटीस?"

आई मला दर रविवारी एक प्रश्न विचारते आणि त्याचं उत्तर मला देता येत नाही. "तुझं नि त्याचं भांडण झालं होतं का?" हो म्हणावं, तर आपल्यात एक शब्दसुद्धा वाकडा गेला नाही. नाही म्हणावं, तर अण्णा गेल्यापासून बारा वर्षं सरसाच्या ज्या भट्टीपुढून तू हलला नाहीस, ती सोडून एका सकाळी तू निघून का जावंस? मी म्हणते, "मला नाही माहीत, आई." ती म्हणते, "बी.ए. झालीस आणि एवढं माहीत नाही?" मग पुन्हा चुन्याच्या पाण्यातल्या कातड्याच्या कातरणी धुवायला लागते.

तुझा पत्ता छापखान्यात उर्दू पानं हाताने लिहिणाऱ्या आपल्या कातिबचाचांना ठाऊक आहे, पण ते सांगत नाहीत. महिन्यातून एकदा लेकीकडे जातात, तेव्हा तू त्यांना भेटतोस, एवढंच बोलले. "पत्र दे, पोचवतो. पत्ता मागू नकोस. शपथ घातली आहे त्याने." मी म्हटलं, "चाचा, शपथ घातली म्हणून असं करायचं?" तर म्हणाले, "पन्नास वर्षं दुसऱ्यांचं लिहिलेलं जसंच्या तसं उतरवतोय. माझ्याकडून कानामात्रेचा फरक व्हायचा नाही."

घरचं सांगते. छापखान्याच्या मालकांनी पुस्तकं बांधायचा सरस शिजवायला नवा माणूस लावला आहे. बिचारा कष्टाळू आहे, पण त्याला कढ कळत नाही. फार आटवतो. परवा एक जाड वही उघडली, तर तिची पाठ म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखी कडकडली. आई म्हणाली, "माझा पोरगा नुसत्या वासावरून सांगायचा, आता उतरव म्हणून." माझा पदवीचा कागद अजून भिंतीवर आहे. पाहुणे आले की आई दाखवते आणि म्हणते, "आमच्याच सरसाने चिकटवलाय. आता पदवी कुठं जात नाही."

मी मात्र गेलेच आहे ना. या खोलीत येऊन आता वर्ष होईल. टेबल आहे, खुर्ची आहे, खिडकी उघडली की समोर दुसऱ्या घराची भिंत. सकाळी शाळेत हजेरी घेते, तेव्हा दिवसातला माझा पहिला आवाज मी ऐकते. संध्याकाळी घरमालकीण दारातून विचारते, "दिवा बंद केलास ना?" तो शेवटचा.

माझ्या कवितांच्या पुस्तकाचं चांगलं चाललं आहे. कविता शिकवणाऱ्या उस्तादांकडे वाचन झालं, पंचवीसएक माणसं होती. आपल्या गल्लीवरच्या, कातडं कमावणाऱ्यांवरच्या, विहिरीवरून परत पाठवलेल्या बाईवरच्या कविता मी वाचल्या. एका गृहस्थांचे डोळे भरून आले. नंतर चहा पिताना त्यांनी विचारलं, "मराठी घरातल्या तुम्ही, उर्दूत का लिहिता?" मी नेहमीचं उत्तर दिलं, की भाषा गोड आहे. खरं कारण तुला माहीत आहे. शाळेत रोज हजेरीला आडनाव वाचलं जायचं आणि पुढच्या बाकावरच्या मुली मागे वळून बघायच्या. उर्दूत कवी टोपणनावाने ओळखला जातो. आडनाव कुणी विचारत नाही. दहा वर्षांची असताना कातिबचाचांनी हे सांगितलं, तेव्हा मला वाटलं, ही भाषा आपल्यासाठीच कुणीतरी राखून ठेवली आहे. तुला सांगितलं, तर तू कढईत काठी फिरवत म्हणालास, "का, मराठीत रडू येत नाही?"

आईकडे तू माझ्यासाठी ठेवलेलं पुडकं मिळालं. पुस्तकाचीच प्रत असणार. माझ्याकडे प्रती आहेत, म्हणून अजून सोडलेलं नाही.

तब्येतीला जप. हाताला तेल लावत जा, चुन्याच्या भेगा थंडीत वाढतात. पण आता तू चुन्यात हात घालतोस की नाही, तेही मला माहीत नाही.

तुझी
बारकी


दि. २ फेब्रुवारी

दादा,

चाचा परत आले. मी धावतच गेले.

"काय म्हणाला?"

"बरा आहे म्हणाला. दोन वेळा जेवतो म्हणाला."

"अजून?"

"अजून काय? तुझं पत्र घडी करून खिशात ठेवलं."

"वाचलं का?"

"अगं, मी काय त्याच्या खिशात बसलो होतो?"

हसायला आलं मला. गेल्या पत्रात मी सगळं लिहिलं. सरस, आई, घरमालकीण, अगदी खिडकीसमोरची भिंतसुद्धा. फक्त तो एक दिवस सोडून. आज तोच लिहायला बसले आहे, आणि याच्याआधी तीन कागद फाडले आहेत.

त्या सकाळी मी उस्तादांच्या बैठकीत होते. त्यांचे चार मित्र आले होते. पुस्तकं येणार म्हणून सगळे वाट बघत होते. गठ्ठे नेहमी मालकांचा हमाल पोचवतो, त्यामुळे दारात तू दिसशील असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. तू आलास. हातगाडी बाहेर लावलीस, गठ्ठे पायरीवर ठेवलेस. नवा शर्ट होता तुझ्या अंगात. आईने नंतर सांगितलं, की हमाल निघाला होता, तूच त्याला थांबवलंस. "तिच्या पहिल्या पुस्तकाला दुसऱ्याचा हात कशाला?" असं म्हणालास म्हणे.

तुला मी कधीच सांगितलं नव्हतं, की त्या घरात मी कोण आहे. आता सांगते. तीन वर्षांपूर्वी चाचांनी चिठ्ठी दिली होती: 'छापखान्यातली मुलगी. हात चांगला, कान त्याहून चांगला.' उस्तादांनी ती वाचली आणि म्हणाले, "अच्छा, मालकांची कन्या! बैस, बेटी." मी बसले. त्या दिवशी मी एवढंच केलं, दादा. बसले. नंतर रोज वाटायचं, उद्या सांगू. उद्या त्यांनी वृत्ताच्या मात्रा शिकवल्या. परवा त्यांच्या बेगमसाहेबांनी डोक्यावरून हात फिरवला. मग सांगायचा दिवसच निघून गेला.

तू गठ्ठा सोडलास आणि उस्तादांनी वरची प्रत उचलली. उघडली, मिटली, पाठीवर बोट फिरवलं. "कारागीर उत्तम आहे. बघा, पान कसं सपाट पडतं." माझी छाती फुगली. मग त्यांनी पुस्तक नाकाशी नेलं. "पण हा वास! कविता वाचायच्या की कातडं हुंगायचं?" सगळे हसले.

मीही हसले.

उस्तादांची सवय आहे, नव्या पुस्तकाच्या पाठीवर अत्तराचा बोळा फिरवतात. कुपी आणि कापूस त्यांनी माझ्या हातात दिला. "लाव, बेटी. तुझंच आहे." आणि मी लावायला लागले. तू पायरीवरच उभा होतास. मी मान वर केली नाही. अकरा प्रतींना लावलं. प्रत्येक पाठ तू गोलसर केलेली, अंगठ्याने दाबलेली. बोळा तिथूनच फिरत होता.

मग तू म्हणालास, "मोजून घ्या, बाई."

बाई म्हणालास मला. आणि मी म्हटलं, "बरोबर आहेत." तू सुतळी गुंडाळून खिशात घातलीस आणि गेलास. दुसऱ्या सकाळी तू भट्टीवरही नव्हतास.

याच्यापुढचं लिहायला तीन कागद लागले. तू 'बाई' म्हणालास तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली, संध्याकाळी. आधी सुटकाच वाटली. तुला कळलं होतं ना ते?

तुझी
बारकी


दि. १ मार्च

दादा,

तुझ्याकडून काही आलं नाही. चाचा म्हणाले, दुसरं पत्रही घडी करून ठेवलं. "आता खिसा जड झाला असेल त्याचा," म्हणाले.

काल मी पुडकं सोडलं.

रविवार होता. आईला निरोप पाठवला, डोकं दुखतंय, येत नाही. खोलीत बसून पुडक्याची सुतळी कापली. तुझी गाठ सुटत नाही, कापावीच लागते. आत पुस्तक होतं. इतर प्रतींना कापडाची पाठ आहे, हिला कातड्याची. इतकं मऊ कातडं तू कुठून आणलंस? कडा हाताने घासल्या आहेत. वास तोच. मी पुस्तक नाकाला लावलं आणि किती तरी वेळ तशीच बसले. वर्षभर या खोलीत आपल्या घरातलं काहीच नव्हतं.

मग उघडलं. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, आणि लगेच पहिली कविता. मला वाटलं, माझी नजर चुकली. पुन्हा मागे गेले. प्रस्तावनाच नव्हती. पान फाडलेलं नव्हतं, दोरा तुटलेला नव्हता. उस्तादांनी प्रस्तावना उशिरा दिली, म्हणून ती चार पानांची वेगळी छापली होती. ती तू शिवलीच नव्हतीस.

चूक म्हणावी, तर बारा वर्षांत तुझं एक पान मागेपुढे झालेलं मी पाहिलं नाही. आणि चूक नाही हे मला लगेच कळलं, कारण अनुक्रमणिकेच्या पानाच्या तळाशी खोडलेलं होतं.

आपल्या छापखान्यात चाचांची जुनी पद्धत अजून चालते. प्रत्येक पानाच्या खाली कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहायचा. त्यावरून बांधणारा पानं लावतो. खालचा शब्द आणि पुढचा शब्द जुळला, की पान बरोबर. त्यासाठी उर्दू वाचता यायला नको, नुसता आकार ओळखला तरी भागतं. तू तसंच करतोस, असं मी जन्मभर समजत होते. चाचा मला शिकवायला खाली जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन बसायचे. आपण सरसवाले, वर जायचं नाही, असं कुणी लिहून लावलं नव्हतं, पण कुणी गेलंही नाही. मी पाटीवर गिरवायची. तू सातवीतून शाळा सोडलेली, आमच्याकडे पाठ करून कढई ढवळत असायचास. तुझे कान कुठे होते, हे कुणी पाहिलंच नाही. आणि पुढे बारा वर्षं, रोज शेकडो पानं, एकेक शब्द.

अनुक्रमणिकेखालचा छापलेला, प्रस्तावनेचा शब्द तू खोडला होतास आणि त्याच्याजवळ शाईने दुसरा लिहिला होतास. वळण वाकडं आहे, एक नुक्ता, अक्षरावरचा ठिपका, जरा दूर पडला आहे. पण शब्द बरोबर आहे. पुढच्या पानावर पहिली कविता, तिचा पहिला शब्द तू खाली लिहिलास. मज़दूर.

दादा, तुला उर्दू वाचता येतं.

म्हणजे तू प्रस्तावना वाचलीस. 'ही छापखान्याच्या मालकांची सुकन्या. वरच्या मजल्याच्या खिडकीतून तिने खालच्या लोकांचं जिणं पाहिलं आणि तिचं कोवळं मन द्रवलं.' तीनशे प्रती. दोनशे नव्याण्णव वेळा हे पान तुझ्या हातातून गेलं, तू ते शिवलंस, सरस लावलास, दाबलंस.

आणि मग नवा शर्ट घालून गठ्ठे पोचवायला आलास. सगळं वाचून आलास. हे मला काल कळलं. तोवर मी समजत होते, की तू त्या दिवशीच्या हसण्यामुळे गेलास. तू सगळं माहीत असून आला होतास. मी काय करते ते बघायला? की तरीही, माझं पहिलं पुस्तक म्हणून? मी रात्रभर दोन्ही बाजूंनी विचार केला. दुसरंच असणार. तू असाच आहेस.

आता उरलेलं सांगते. प्रस्तावनेचं प्रूफ माझ्याकडे आलं होतं. मी वाचलं. छापायला मंजुरी देणारी सही माझीच आहे. सही करताना मनात आलं होतं, घरी कुणाला कळणार आहे? आईला अक्षर येत नाही, दादाला उर्दूचे फक्त आकार कळतात. या भरवशावर मी सही केली. आपल्या लोकांना अक्षर शिवू दिलं नाही, म्हणून मी कविता लिहिते, आणि माझ्या भावाला उर्दू अक्षर येत नाही या भरवशावर मी खोटं छापून घेतलं.

आणि तो पहिला शब्द. ही कविता मी तुला भट्टीपुढे बसून म्हणून दाखवली होती, आठवतं? ज्या पोथ्यापुस्तकांना आपल्याला हात लावू देत नाहीत, त्यांची पाठ आपल्या सरसाने धरलेली आहे, ती कविता. तेव्हा तिचा पहिला शब्द 'भाई' होता. भावाच्या हातांपासून ती सुरू व्हायची. इस्लाहसाठी, म्हणजे दुरुस्तीसाठी, मी ती उस्तादांकडे नेली. त्यांनी लाल शाईने 'भाई' खोडलं आणि 'मज़दूर' केलं. "एका भावापुरती का ठेवतेस? व्यापक कर." उस्तादांची दुरुस्ती शिष्याने मानायची असते. शिवाय 'भाई' ठेवलं असतं, तर कुणीतरी विचारलं असतं, कुणाचा भाऊ? मी मानली.

तू ती कविता पाठ केली होतीस. तुला मूळ शब्द माहीत होता. तरी तू खाली 'भाई' लिहिलं नाहीस. पुढच्या पानावर जे असेल तेच खाली यायला हवं, हा धंद्याचा नियम. मी तुला भावाचा जो मजूर केला, तो तू तुझ्या हाताने नीट लिहिलास.

मला आज याहून जास्त लिहिता येत नाही.

बारकी


दि. २३ मार्च

दादा,

हे पत्र जरा लांबेल. चाचा परवा निघणार आहेत, तोवर पुरं करते.

मागचं पत्र त्यांच्या हातात दिलं, त्याच दिवशी मी उस्तादांकडे गेले. वाटेत दोनदा परत फिरले, हे खोटं कशाला सांगू? ते बैठकीत एकटेच होते.

मी उभ्यानेच म्हटलं, "उस्ताद, मी मालकांची मुलगी नाही. वरच्या खिडकीत मी कधी उभी राहिले नाही. ज्यांना तुम्ही खालचे लोक लिहिलंत, त्यांतली मी. आम्ही सरस शिजवतो. त्या दिवशी गठ्ठे घेऊन आला होता तो माझा सख्खा भाऊ."

त्यांनी चष्मा काढला. मी मनाशी सगळी तयारी करून गेले होते. चिडतील, निघ म्हणतील, तीन वर्षं फसवलंस म्हणतील. आणि म्हणाले असते तर बरोबरच होतं. त्यांनी उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"वा! अगं बेटी, हे आधी का नाही सांगितलंस? पुस्तकाचं मोलच बदललं! मी प्रस्तावना पुन्हा लिहितो. उकिरड्यावर उमललेला गुलाब. लोक डोक्यावर घेतील तुला. पुढच्या मुशायऱ्यात तुझ्या भावालाही मंचावर बसवू. त्याच कामाच्या कपड्यांत."

तू नवा शर्ट घालून गेला होतास, दादा.

मी म्हटलं, "प्रस्तावनाच नको, उस्ताद. आणि पहिल्या कवितेचा पहिला शब्द मी परत घेते."

"इस्लाह परत करतेस? चाळीस वर्षांत असं कुणी केलं नाही."

"माहीत आहे."

"मग मी दिलेलं टोपणनावही इथेच ठेवून जा."

"ठेवते."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "कॉलेजातल्या जागेसाठी मी तुझं नाव सुचवलं होतं." मी नमस्कार केला आणि निघाले. दारापर्यंत बेगमसाहेब येत असत, त्या दिवशी आतल्या पडद्याआडूनच "खुदा हाफिज" आलं. वाईट माणसं नाहीत ती. कुठला शब्द कवितेत श्वास घेतो आणि कुठला नुसता उभा राहतो, हे मला त्यांनीच दाखवलं. ते मी कुठे परत करू? ते माझ्याकडेच राहिलं.

उस्तादाशिवायच्या कवीला मुशायऱ्याची चिठ्ठी येत नाही. तीन आठवड्यांत एकही आली नाही. कॉलेजातली जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. रस्त्यात ते डोळे भरून आलेले गृहस्थ दिसले, त्यांनी छत्री दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि दुकानाच्या पाट्या वाचायला लागले.

मग मी मालकांकडे गेले. प्रस्तावना दाखवली. त्यांना उर्दू येत नाही, वाचूनच दाखवली. ते खो खो हसले. "मला तीन पोरगे. ही सुकन्या कुठून काढली? बायकोने ऐकलं, तर जेवायला मिळायचं नाही मला!" मी म्हटलं, "प्रती सोडवून पुन्हा बांधायच्या आहेत. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, पहिली कविता आणि शेवटचं पान, अशी आठ पानं नव्याने छापायची आहेत." त्यांनी मान खाजवली. "शाई-कागद देतो. माणूस देणार नाही. तुझा भाऊ असता, तर गोष्ट वेगळी होती."

उस्तादांच्या ओळखीत एकोणचाळीस प्रती आधीच गेल्या आहेत. त्यांचं आता काही करता येणार नाही. त्या तशाच राहतील, माझी सही असलेलं खोटं घेऊन. उरल्या दोनशे साठ.

चाचांनी पानं पुन्हा लिहिली. 'भाई' लिहिताना दोनदा शाई फुटली. मी म्हटलं, "राहू द्या, चाचा, मी लिहिते." तर म्हणाले, "गप बस. तो माझ्याच पायरीवर शिकला, आणि मला पत्ता नाही! हा शब्द मी लिहिणार." मुखपृष्ठावर टोपणनावाच्या जागी माझं नाव आलं, आडनावासकट. अनुक्रमणिकेच्या खाली पहिल्या कवितेचा शब्द आला, आणि पुढच्या पानाशी जुळला.

शाळा सुटली की मी भट्टीवर जायची. आई पानं सोडवायची, मी लावायची आणि शिवायची, नवा माणूस सरस गरम करून द्यायचा. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "जरा पातळ ठेवा." तो म्हणाला, "ताई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला काय कळतं?" आई म्हणाली, "तिला कळत नाही, पण तिच्या नाकाला कळतं. सरसवाल्यांचं नाक आहे ते." एकोणीस दिवस लागले. माझ्या पाठी वाकड्या झाल्या आहेत. काही पुस्तकं टेबलावर ठेवली, की एका अंगावर झुकतात. बोटं सोलली. आईने पाहिलं आणि तेलाची वाटी सरकवली.

आईला मी सगळं सांगितलं. हसले तेसुद्धा. ती पानं सोडवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे भांडण नव्हतंच. भांडण बरं असतं. दोघं बोलतात तरी." त्यानंतर तिने मला तो प्रश्न विचारलेला नाही.

आता शेवटचं.

उर्दू पुस्तकाच्या अखेरच्या पानावर एक ओळ छापायची रीत आहे, 'मिलने का पता'. हे पुस्तक कुठे मिळेल, आणि ज्याला कवीला भेटायचं असेल त्याने कुठे यावं, ते तिथे असतं. पहिल्या छपाईत तिथे उस्तादांचं घर होतं. चाचांनी विचारलं, "आता काय लिहू? तुझ्या खोलीचा पत्ता?" मी सांगितलं, ते त्यांनी लिहिलं आणि लिहून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "लोक येणार नाहीत, बारके." मी म्हटलं, "कदाचित."

पण पत्ता छापला, तर माणूस तिथे सापडायला हवा. म्हणून गेल्या शनिवारी मी खोली सोडली. सामान एका फेरीत आलं. घरमालकीण म्हणाली, "कुठे जातेस?" मी सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि किल्ली माझ्या हातातून न घेता टेबलावर ठेवायला सांगितली.

मी इथे राहते आता. तुझ्या जागेवर झोपत नाही, आईच्या बाजूला झोपते. शाळेत अजून कुणाला पुस्तक मिळालेलं नाही. मिळेल तेव्हा पाहू. संध्याकाळी दार उघडं ठेवून बसते. आजवर कुणी आलं नाही. नवा माणूस जेवायला जातो, आई पाणी भरायला जाते, तेव्हा कढईचा आवाज आणि मी, एवढंच असतं. पूर्वी इथे अभ्यास करताना मी नाकाला पदर लावायची. तू म्हणायचास, "वास अक्षरांना लागत नाही गं, वाच." तेव्हा एकटं वाटत नव्हतं. आता वाटतं. ते तुला समजायला हवं म्हणून लिहिलं, तू यावंस म्हणून नाही. यायचं की नाही, ते तुझं तू ठरव. मी त्यावर काही मागण्याची जागा स्वतःसाठी ठेवलेली नाही.

काल सकाळी दोनशे साठही प्रती गेल्या. ग्रंथालयांना, मासिकांना, शाळांना, उस्तादांना, त्या छत्रीवाल्या गृहस्थांनासुद्धा. टपाल कचेरीत माणसाने विचारलं, "पाठवणाऱ्याचा पत्ता?" मी प्रत्येक पुडक्यावर स्वतःच्या हाताने लिहिला. दुपार झाली. मागे रांगेतली माणसं कुरकुरत होती. शेवटचं पुडकं त्याने पोत्यात टाकलं आणि पोत्याचं तोंड बांधलं.

तुझी बहीण,
बारकी

मिलने का पता: सरसाची भट्टी, छापखान्याच्या मागे, जिन्याखालची खोली.